कोर्टाची पायरी आणि घराचा उंबरठा

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मराठी माणसाला मुद्दाम शिकवावी लागत नाही. तारखांचे हेलपाटे, वकिलांची फी आणि निकाल लागेपर्यंत उलटलेली एक पिढी हा सारा अनुभव तिच्यात साठलेला आहे. घरातले घरात मिटावे, चार माणसे मध्ये घालावीत, एकाने थोडे सोडावे, दुसऱ्याने थोडे धरावे, हे शहाणपण आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितले गेले आहे. आणि तरीही नातेसंबंध दाखविणाऱ्या एका साध्या शब्दाला भांडणाचा अर्थ चिकटला तोही याच भाषेत. 'भाऊबंदकी' म्हणजे मुळात भाऊबंद असणे, एका रक्ताचे असणे. परंतु १९०९ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी पेशवे घराण्यातील कलहावरच्या नाटकाला हे नाव दिले, तेव्हा त्याचा अर्थ कुणालाही समजावून सांगावा लागला नाही.

म्हण खरी आहे. मात्र तिच्यातला 'शहाणा' कोण, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. ज्याच्या ताब्यात जमीन आहे, घराची किल्ली आहे, ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे, त्याला कोर्टाची पायरी न चढणे नेहमीच परवडते. ज्याच्या हाती यांपैकी काहीच नाही, त्याला समेट म्हणून जे मिळते ते कित्येकदा समजुतीचे नसते, उपकाराचे असते. महाराष्ट्रातील वाटणीच्या आणि विभक्त होण्याच्या तंट्यांचा गेल्या साडेतीनशे वर्षांचा इतिहास पाहू लागले, की एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. घरातला समेट न्याय्य ठरला तो बहुतेकदा दुर्बळ पक्षाजवळ 'नाही' म्हणण्याची ताकद होती तेव्हाच. ही ताकद नव्हती तेथे समेटाचे रूपांतर शांतपणे केलेल्या वंचनेत झाले.

मराठी इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध वाटणीपासून सुरुवात करू. शहाजीराजे १६६४च्या जानेवारीत निवर्तले. कर्नाटकातील त्यांची जहागीर, ठेवा आणि फौज धाकटे पुत्र व्यंकोजीराजे यांच्या हाती राहिली. पुढे त्यांनी तंजावरही घेतले. १६७७ साली दक्षिणेच्या स्वारीवर असताना शिवाजीमहाराजांनी या सावत्र भावाकडे वडिलार्जित संपत्तीतील निम्मा वाटा मागितला. मागणीचा युक्तिवाद कोणत्याही कुणब्याच्या घरात चालावा असाच होता. वडिलांना जाऊन तेरा वर्षे झाली, तेवढा काळ सारे उत्पन्न तुम्ही एकट्याने घेतले, आता आमचा भाग द्यावा. कोळ्ळिडम नदीच्या परिसरात दोघे भेटले, बोलणी फिसकटली, आणि व्यंकोजीराजे रात्रीच्या वेळी निघून गेले. त्यानंतर कोळ्ळिडमच्या उत्तरेकडचा मुलूख महाराजांनी ताब्यात घेतला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दोन्ही बाजूंच्या फौजा एकमेकींशी लढल्यासुद्धा.

या तंट्याचा शेवट मात्र रणात झाला नाही. मध्यस्थी केली ती रघुनाथपंत हणमंते यांनी. शहाजीराजांच्या दौलतीचे जुने कारभारी घराणे ते हेच. पंत तटस्थ होते असे कुणी म्हणणार नाही, कारण व्यंकोजीराजांची नोकरी सोडून ते महाराजांकडे आले होते. पण काय कोठे आहे, कोणत्या महालाचा वसूल किती, हे त्यांना ठाऊक होते, आणि वाटणीत निम्मे भांडण माहितीच्या अभावातूनच जन्म घेत असते. दुसरी व्यक्ती म्हणजे व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई. थोरल्या भावाशी वैर धरण्यात हित नाही, हे नवऱ्याला त्यांनी पटवून दिले असे बखरी सांगतात. समेट झाला. तंजावर व्यंकोजीराजांकडे राहिले. बखरींतील कलमांनुसार बंगळूर व आसपासचे महाल महाराजांनी दीपाबाईंना 'चोळीबांगडी'साठी दिले.

हा 'चोळीबांगडी' शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. समेट घडवून आणणाऱ्या स्त्रीला महाल मिळाले ते वाटा म्हणून नव्हे, तर जावेला-भावजयीला द्यावयाच्या मानाच्या देणगीच्या नावाने. देणाऱ्याचा हेतू उदार होता यात शंका नाही. परंतु पुरुषाचा तो 'हिस्सा' आणि स्त्रीची ती 'चोळीबांगडी' हा भाषेतला भेद राजघराण्यापासून झोपडीपर्यंत सारखाच होता, आणि पुढची तीन शतके टिकला. भोसल्यांच्या घरातील दुसरी मोठी वाटणी, म्हणजे सातारच्या शाहूमहाराज व कोल्हापूरच्या संभाजीराजे या चुलत भावांमधील १७३१चा वारणेचा तह, हीही अखेर घरचीच तडजोड. वारणा नदी ही राज्याची सीमा ठरली खरी, पण तत्त्वतः ती दोन भावकींच्या शेतामधला बांधच होती.

राजांच्या तंट्यांना फौजा होत्या. सामान्य वतनदाराच्या आणि रयतेच्या तंट्यांना गोत होते. पाटीलकी, कुलकर्ण, जोशीपण, शेत, विहीर यांची वाटणी, दत्तकाचा वाद, थोरलेपणाचा मान कोणाचा हा वाद, हे सारे शिवकाळात आणि पेशवाईत गोतापुढे किंवा पंचांपुढे येई. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथात या कामकाजाचे बारकाईने विवेचन केले आहे. त्याची रीत थोडक्यात अशी. दोन्ही पक्षांनी आधी 'राजीनामा' लिहून द्यायचा. आज आपण नोकरी सोडताना देतो तो नव्हे. पंच जे ठरवतील त्यास आपण राजी आहोत असा तो लेख. मग जामीन द्यायचा. मग प्रत्येकाने आपली 'तकरीर', म्हणजे आपली बाजू, सांगायची. साक्षी व्हायच्या, जुने कागद पाहिले जायचे. साक्षीदाराच्या हाती तुळस, गंगोदक किंवा बेलभंडार देऊन शपथ घेतली जाई. कशानेच उलगडा होत नसेल तर दिव्य. निर्णय झाला की 'महजर' लिहिला जाई. त्यावर हजर असलेल्यांची नावे व निशाण्या पडत. पाटलाचा नांगर, सुताराचे किंकरे, न्हाव्याचा आरसा अशा त्या निशाण्या असत. हरणाऱ्याने 'येजितखत' लिहून द्यायचे, म्हणजे आपली बाजू खोटी ठरली हे स्वतःच्या सहीने मान्य करायचे. जिंकणाऱ्याने सरकारात 'हरकी' भरायची, हरणाऱ्याने 'गुन्हेगारी'.

या रिवाजात आजच्या मध्यस्थाने शिकावे असे बरेच आहे. पहिले म्हणजे दोन्ही पक्षांची लेखी संमती आधी घेतली जाई. निकाल पाहून पंच नाकारायची सोय नव्हती. दुसरे म्हणजे निर्णय खोलीत बंद राहत नसे. गाव त्याचा साक्षीदार असे, आणि सीमेच्या वादात तर ज्याच्या शब्दावर बांध ठरे तो महार साक्षीदार गावाच्या उतरंडीत सर्वांत खाली उभा असे. तिसरी गोष्ट येजितखताची. हरलेल्या माणसाने स्वतःच्या तोंडाने मान्य केलेला निर्णय दुसऱ्या दिवशी मोडणे कठीण जाते. निर्णयाला जी पकड येई ती पंचांच्या विद्वत्तेतून जितकी, तितकीच या सामूहिक मान्यतेतून येई.

मग यात खोट कोठे होती? एक तर पकडीची दुसरी बाजू बहिष्कार ही होती. पंचांचे न ऐकणारा जातीबाहेर, पाणवठ्याबाहेर जाई. ज्याला गाव सोडून दुसरीकडे जगता येणे शक्य नाही, त्याचा राजीनामा किती राजीखुशीचा असेल, हे वेगळे सांगायला नको. दुसरे असे, की स्त्रिया वादी म्हणून पुढे येत. वतनाचा हक्क सांगणाऱ्या विधवांची प्रकरणे जुन्या कागदांत सापडतात. परंतु ज्यांनी निर्णय करायचा त्या पंचांत त्या सहसा नसत. मिताक्षरेनुसार मुलाला वडिलार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क. अविभक्त कुटुंबातील विधवेला अन्नवस्त्र. पश्चिम भारतात प्रमाण मानल्या गेलेल्या नीलकंठभट्टांच्या व्यवहारमयूखामुळे येथील मुलींना आणि बहिणींना वारसाक्रमात अन्य प्रांतांपेक्षा काहीसे बरे स्थान होते, हे खरे. पण भाऊ हयात असताना मुलीचा वाटा हा प्रश्नच उद्भवत नव्हता. गोताने जे मिटवले ते भावाभावांमधले. बहीण आणि विधवा भावजय यांचे जे काही असे, ते वाटणीपत्राच्या शेवटी पोटगीच्या एखाद्या ओळीत संपे.

१८१८ साली पेशवाई गेली. नव्या मुलखाची व्यवस्था लावण्याचे काम माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे आले. १८१९ साली त्याने सादर केलेल्या अहवालात पंचायतीचे वर्णन आहे ते निव्वळ कौतुकाचेही नाही आणि निव्वळ निंदेचेही नाही. पंच वेळेवर जमत नाहीत, काम रेंगाळते, निर्णयाच्या अंमलबजावणीची हमी नाही, लाच चालते, हे त्याने नोंदवले. तरीही लोकांना जवळची वाटणारी ही रीत मोडू नये असे त्याचे मत होते. पंचायत ठेवायची, तिचे दोष काढायचे, असा त्याचा बेत होता. १८२७च्या मुंबई सरकारच्या नियमावलीत लवादाची तरतूद राहिली. त्याच नियमावलीने देशातील रिवाजालाही निर्णयाचा एक आधार म्हणून मान्यता दिली. रिवाज नेमका काय, हे जातीजातींतील जाणत्यांना विचारून आर्थर स्टील याने त्याच वर्षी ग्रंथरूपाने सादर केले.

पण पंचायत वाचली नाही. आपण इंग्रजांनी ती मारली असे म्हणतो, आणि ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे असे, की अदालत उघडताच लोक आपण होऊन तिकडे वळू लागले. पंचांपुढे हरण्याची भीती असलेल्या सबळ माणसाला अदालतीत नवा डाव खेळता येई. त्याचबरोबर पंचांपुढे ज्याचे कधीच ऐकले गेले नाही त्या दुर्बळालाही निदान एक दुसरे दार दिसू लागले. राजीनामा लिहून न देणे आता शक्य झाले. गोताची सारी इमारत ज्या खांबावर उभी होती तो खांब हाच, आणि तो गेल्यावर इमारत राहणे शक्य नव्हते.

कोर्ट आले म्हणून स्त्रीची सुटका झाली, असे मात्र समजू नये. विभक्त होण्याच्या बाबतीत तर गोष्ट कित्येकदा उलटी झाली. अनेक मराठी जातींमध्ये काडीमोड होती, सोडचिठ्ठी होती, पाट लावण्याची मोकळीक होती. जातीच्या पंचांपुढे नवरा-बायको वेगळी होत, दागिन्यांचा आणि खर्चाचा हिशेब होई, आणि बाई पुन्हा संसार थाटी. 'फारखत' हा शब्द देण्याघेण्याचा हिशेब चुकता झाल्याच्या लेखाला, आणि 'फारकत' नवरा-बायकोच्या विभक्त होण्याला. दोन्हींमागची कल्पना एकच, की दोन माणसांमध्ये आता काही येणे राहिले नाही. मुंबईच्या हायकोर्टाने १८६४ आणि १८७६ सालच्या फौजदारी निकालांत नवऱ्याच्या संमतीशिवाय विवाह मोडण्याचा जातीचा अधिकार मानण्यास नकार दिला. जातीच्या परवानगीने दुसरे लग्न केलेली बाई यामुळे कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरू शकत होती. ब्राह्मणी विवाहकल्पनेला सर्व हिंदूंचा कायदा मानण्याची प्रवृत्ती या निकालांमागे होती. तेव्हा 'पंचायत वाईट, कोर्ट चांगले' किंवा त्याच्या उलट, असा सोपा हिशेब येथे जुळत नाही.

हा गुंता एका खटल्यात पुरता उघडा पडला. रखमाबाईंचे लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना दादाजी भिकाजी यांच्याशी झाले होते. त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. त्यांची आई जयंतीबाई यांनी पुनर्विवाह करताना पहिल्या पतीकडून आलेली मिळकत मुलीच्या नावे केली होती, त्यामुळे वैवाहिक वादाच्या आत वारशाचा धागाही होता. दादाजींनी १८८४ साली पत्नीने नांदायला यावे म्हणून दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलात हा निर्णय फिरला. १८८७च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना नांदायला जाण्याचा आदेश दिला, अन्यथा सहा महिने तुरुंगवास. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी जाहीरपणे दाखविली. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'सह सनातनी मंडळी एका बाजूला, बेहरामजी मलबारी आणि सुधारक दुसऱ्या बाजूला, असे सारे शहर दुभंगले.

खटल्याचा शेवट १८८८ साली झाला तो कोर्टाबाहेर. दादाजींना दोन हजार रुपये देण्यात आले आणि त्यांनी आदेशाची अंमलबजावणी मागणे सोडले. पुढे रखमाबाई इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली. या समेटाकडे नीट पाहिले पाहिजे. कायदा रखमाबाईंच्या विरुद्ध गेला होता, समाजाचा मोठा भाग विरुद्ध होता. तरीही तडजोड झाली, कारण त्यांच्याजवळ दोन गोष्टी होत्या. स्वतःच्या नावाची मिळकत होती, आणि तुरुंगात जाऊ पण नांदायला जाणार नाही, हे म्हणण्याची जिद्द होती. या दोहोंपैकी एकही नसती, तर दादाजींच्या बाजूच्या चार वडीलधाऱ्यांनी याच प्रकरणाचा 'समेट' चार दिवसांत करून टाकला असता, आणि रखमाबाई निमूटपणे नांदायला गेल्या असत्या. इतिहासाला त्यांचे नावही कळले नसते. अशा किती जणींची नावे आपल्याला कळलेली नाहीत, याचा अंदाजच करावा लागतो.

त्याच काळात कोर्टाबाहेर तंटे मिटवण्याची कल्पना नव्या स्वरूपात पुन्हा वर आली होती. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे झाले. कोर्टाच्या हुकूमनाम्यांनी जमिनी सावकारांकडे जात होत्या, हे त्यामागचे एक मोठे कारण. गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या वर्तुळातून पुण्यात लवाद कोर्ट उभे राहिले. स्वतः न्यायखात्यात असलेल्या विल्यम वेडरबर्न यांनीही पंचायतीच्या पुनरुज्जीवनाचा पुरस्कार केला. १८७९च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने तर पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांत सलोखा घडवणारे अधिकारी नेमले, आणि त्यांच्याकडे गेल्याचा दाखला असल्याशिवाय शेतकऱ्यासंबंधीचा दावा दाखल होऊ नये असे बंधन घातले. हा कायदा मुख्यतः कर्जासाठी होता. परंतु त्यातून एक धडा मिळाला. तडजोडीचे एक टेबल मांडून एका बाजूला सावकार आणि दुसऱ्या बाजूला निरक्षर कुणबी बसवला, की टेबल आपोआप समतल होत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ही सलोख्याची व्यवस्था गुंडाळली गेली.

टेबल समतल करण्याचे काम पुढे कायदेमंडळात झाले, तेही फार सावकाश. १९३७ साली डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नांतून झालेल्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा मिळाला, पण तो केवळ तिच्या हयातीपुरता. डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिल मांडले, ते रखडले, आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. १९५५ साली घटस्फोटाचा कायदेशीर मार्ग साऱ्या देशातील हिंदूंसाठी खुला झाला. रिवाजाने होणाऱ्या काडीमोडीलाही त्याच कायद्याने पुन्हा मान्यता दिली. १९५६ साली मुलगी वडिलांच्या संपत्तीची वारस झाली, पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मुलाचाच राहिला. परस्परसंमतीने घटस्फोट १९७६ साली आला. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने मुलीला सहदायाद केले, पण त्या दिवसापूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने हा भेदही मिटला. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत का, यावरचा घोळ सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी संपवला. मुलीचा हक्क जन्माने येतो, वडिलांच्या हयातीवर तो अवलंबून नाही.

एवढे झाल्यावर घरातल्या वाटणीला खरा अर्थ यायला हवा होता. कायदा कौटुंबिक व्यवस्थेकडे आपुलकीने पाहतो. १९७६ सालच्या काळे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की कुटुंबातील शांततेसाठी केलेली प्रामाणिक व्यवस्था तोंडीसुद्धा होऊ शकते आणि न्यायालयांनी ती शक्यतो उचलून धरावी. सारे हिस्सेदार राजी असतील तर १९६६च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करून शेतजमिनीची वाटणी होते, दावा लावावा लागत नाही. कुटुंब न्यायालयांच्या १९८४च्या कायद्याने समेटाचा प्रयत्न हे न्यायाधीशाचेच कर्तव्य ठरवले. २००२ पासून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ने मध्यस्थीचा रस्ता कोर्टाच्या आवारातूनच काढून दिला, आणि वाटणीचे व वैवाहिक वाद त्यासाठी योग्य असल्याचे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. २०२३ साली मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा झाला. लोकअदालतीतल्या निवाड्याला तर दिवाणी हुकूमनाम्याचे बळ आहे आणि त्यावर अपील नाही. गावपातळीवर महाराष्ट्राने २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. समेटाची इतकी दारे यापूर्वी कधीच उघडी नव्हती.

आणि तरी या साऱ्या दारांच्या अलीकडे, घराच्या उंबरठ्यावर, एक कागद रोज लिहिला जातो. तो म्हणजे हक्कसोडपत्र. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावे लागतात, त्यात बहिणींचीही लागतात, आणि मग एक दिवस बहिणींना बोलावणे येते. गाडी पाठवली जाते, जेवण होते, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सही किंवा अंगठा होतो, आणि निघताना साडीचोळी दिली जाते. कोणी जबरदस्ती करत नाही. सही केली नाही तर माहेर तुटेल, एवढे फक्त सगळ्यांना ठाऊक असते. हा समेट आहे का? कागदावर आहे. वाद झाला नाही, खर्च झाला नाही, कोर्टाची पायरी कोणी चढले नाही. परंतु तीनशे वर्षांपूर्वीच्या गोताने वाद सुरू होण्याआधी जो राजीनामा घेतला, त्याचीच ही नवी आवृत्ती आहे. फरक इतकाच, की तेव्हा न ऐकणारा गावाबाहेर जाई, आता न ऐकणारी माहेराबाहेर जाते. दीपाबाईंच्या चोळीबांगडीला निदान महाल जोडलेले होते. इथे महाल सोडून दिल्याबद्दल चोळी मिळते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सगळ्याच बहिणी दबावाखाली सही करत नाहीत. कित्येकींना खरोखरच शेत नको असते. भावाने आईवडिलांचे दुखणेखुपणे काढलेले असते, कर्ज फेडलेले असते, त्याच्या पोटापाण्याचे तेवढेच साधन असते, आणि बहीण मनापासून वाटा सोडते. अशा सोडण्यात मोठेपणा आहे. तुकोबांची कथा मराठी मन इतक्या जिव्हाळ्याने जपते ते उगाच नाही. धाकट्या भावाशी, कान्होबाशी, कर्जखतांची वाटणी करून त्यांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली आणि भावाच्या वाट्याची त्याच्या हाती ठेवली, असे परंपरा सांगते. मात्र या कथेतला क्रम विसरू नये. आधी वाटणी झाली, आपला वाटा आपल्या हाती आला, आणि मग तो सोडला. ज्याच्या हाती काही आलेच नाही, त्याने ते सोडले असे आपण म्हणू शकत नाही.

कोर्टाबाहेरच्या समेटाची कसोटी याच क्रमात आहे. आधी मोजणी, मग सोडणे. मिळकत काय आहे, कोठे आहे, कर्ज किती, ताबा कोणाचा, हे साऱ्यांसमोर मांडले गेले पाहिजे. रघुनाथपंतांचे खरे बळ हिशेबात होते. ज्याचा हक्क आहे त्याला तो हक्क आहे हे आधी सांगितले गेले पाहिजे. त्याच्याशी, किंवा तिच्याशी, एकट्याने आणि कुणाच्याही गैरहजेरीत न घाबरता बोलता येईल असा माणूस मध्ये असला पाहिजे. भावाचाच मित्र, सासऱ्याचाच व्याही यांनी केलेली मध्यस्थी ही मध्यस्थी नव्हे. जिथे मारहाण आहे, धाक आहे, तिथे दोघांना समोरासमोर बसवण्याचा आग्रह हाच अन्याय ठरतो. आणि बोलणी फिसकटली तर कोर्टाची पायरी खरोखर चढता येईल, इतकी ती स्वस्त आणि जवळची असली पाहिजे. मध्यस्थी वाढवा म्हणणाऱ्यांनी कोर्टे सुधारण्याचा विषय सोडून देणे म्हणूनच धोक्याचे आहे. दावा वीस वर्षे चालेल या भीतीने केलेली तडजोड ही संमतीची नसते, थकव्याची असते.

महाराष्ट्राने नऊ वर्षांच्या अंतराने दोन पावले टाकली. २००७ साली तंटे गावातच मिटवणाऱ्या समित्यांना बक्षिसे दिली, आणि २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, कारण जातपंचायतींच्या निवाड्यांखाली माणसे भरडली जात होती. ही दोन पावले परस्परविरोधी वाटतील, पण तशी ती नाहीत. जुन्या गोताच्या परंपरेतले काय घ्यायचे आणि काय टाकायचे, हेच त्यांनी मिळून सांगितले आहे. चार माणसांनी मध्ये पडावे हे घ्यायचे. त्या चौघांचे न ऐकणाऱ्याला जगणे अशक्य करावे हे टाकायचे.

म्हण आहे तशीच राहू द्यावी. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे शहाणपणच आहे. फक्त ती पायरी तिथे असावी, कुणालाही चढता येईल एवढी उंच असावी, आणि उंबरठ्याच्या आत बसलेल्या प्रत्येकाला ती दिसत असावी. ती दिसत असेल तरच आत बसलेल्यांचे 'आम्ही आपसांत मिटवले' या शब्दांतले 'आम्ही' खरे असेल.